आईची मूठ सकाळी वळत नाही : 'आरए निगेटिव्ह' संधिवात आणि आठवड्यातून एकदाची गोळी

कपाशीवाला | १६ नोव्हेंबर, रात्री ९:४०

धागा लांबणार आहे. प्रश्न अगदी खाली आहे, घाईत असाल तर सरळ तिथं जा.

आम्ही पांढरकवड्याकडचे, जिल्हा यवतमाळ. घरची कपाशी, मधल्या तासांत तूर. आई ५३ वर्षांची. २०२४ च्या पोळ्याच्या सुमारास नागपुरात चिकनगुनियाची साथ होती, ती आमच्याकडेही आली. घरटी दोन माणसं भिंत धरून चालत होती. आईलाही ताप आला, सांधे धरले. दिवाळीपर्यंत बाकीच्या बाया वेचणीला लागल्या, आई नाही लागली. चिकनगुनियाचं दुखणं वर्षभर पुरतं असं सगळेच म्हणतात, म्हणून आम्हीही 'जाईल जाईल' करत बसलो.

संक्रांतीला तिला तिळाचे लाडू वळता येईनात. पाक गरम होता म्हणून नव्हे, मूठच मिटत नव्हती. दोन्ही हातांची बोटं मुळाशी सुजलेली, अंगठी साबण लावूनही निघेना.

गावात एक डॉक्टर येतात, त्यांची सुई टोचली की दोन दिवस बरं. मग तालुक्याला 'वाताचं पॅनेल' केलं. आरए फॅक्टर निगेटिव्ह, युरिक अ‍ॅसिड नॉर्मल, एएसओ वाढलेला. "संधिवात नाही, पण रक्तात वात आहे" असं सांगून दर २१ दिवसांनी कमरेत पेनिसिलिनची सुई सुरू झाली. अशा ७ झाल्या. प्रत्येक सुईनंतर आई दोन दिवस लंगडायची. बोटं होती तशीच.

मग मावशीनं पुड्या आणल्या. कुठून ते लिहीत नाही. वर्तमानपत्राच्या कागदात पांढुरकी पूड, मधातून घ्यायची. खोटं कशाला बोलू, चौथ्या दिवशी आईनं विहिरीचं पाणी ओढलं. त्या माणसाला आम्ही देव मानला. दोन महिन्यांत तिचा चेहरा भरला. बाया म्हणायच्या, काय तेज आलं! तेज कसलं, सूज होती. साखर २६० निघाली. घाबरून पुड्या एकदम बंद केल्या, तर आई आठ दिवस उठलीच नाही. उलट्या, चक्कर आणि सांधे पहिल्यापेक्षा दुप्पट.

शेवटी साळ्यानं सांगितलं की नागपुरात नुसत्या संधिवाताचे डॉक्टर असतात, हाडांच्या डॉक्टरांपेक्षा वेगळे, ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट म्हणतात. पहाटेची एसटी धरली. (बायांना अर्धं तिकीट आहे ते बरं, नाहीतर आई निम्म्या वाटेत 'मले काई झालं नाई' म्हणून उतरली असती.)

तिथं जे झालं ते नीट लिहितो, कारण १४ महिन्यांत पहिल्यांदाच कुणीतरी आईच्या हाताला हात लावला. डॉक्टरीणबाईंनी फाईल बाजूला सरकवली आणि विचारलं, "सकाळी उठल्यावर बोटं मोकळी व्हायला किती वेळ लागतो?" आईला मिनिटं कुठली सांगता येणार. म्हणाली, "सडा टाकून, चहा होऊन, गाईची धार निघेस्तोवर." बाईंनी लिहिलं, दीड तास. मग एकेक सांधा दोन बोटांत धरून दाबत गेल्या. मनगट, बोटांची मुळं, मधली पेरं, कोपर, खांदा, गुडघा. असे २८. शेजारी हाताच्या चित्रावर फुल्या मारत होत्या. दुखरे १७, सुजलेले ११. मग पायाच्या चवड्यावर दोन्ही बाजूंनी दाब दिला तर आई ओरडलीच. "पाय कधीपासून?" "पाय त कोणी पुसलेच नाई."

नंतर शून्य ते शंभरची रेघ दाखवली, की आजार किती वाटतो तिथं बोट ठेवा. आई रेघेकडे बघून म्हणाली, "रुपयातले बारा आणे." बाईंनी ७५ लिहिलं आणि पहिल्यांदा हसल्या.

हातापायांचे एक्स-रे निघाले. पायाच्या करंगळीच्या मुळाशी हाडाची कड खाल्लेली. बोंडअळीनं बोंड पोखरावं तशी. रक्तात ईएसआर (अंगातली सूज दाखवणारा आकडा) ८२, आणि सीसीपी नावाची एक चाचणी जोरात पॉझिटिव्ह. निदान : ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, आपल्या भाषेत संधिवात. औषधं : मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा, फॉलिक अ‍ॅसिड, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, आणि थोडे दिवस स्टेरॉइडची लहान गोळी, ती कमी करत न्यायची.

आता प्रश्न. आरए निगेटिव्ह असताना आरए कसा? दुसरं, घरी येऊन मोबाइलवर शोधलं तर मेथोट्रेक्सेट कॅन्सरचं औषध निघालं. बाबा म्हणतात, "तिले कॅन्सर हाय अन् तू लपवून राह्यला." पुड्यांनी पोळल्यामुळे आई कुठल्याच गोळीला हात लावत नाही. आठ दिवस झाले, औषधं कपाटात पडून आहेत. द्यायची की नाही?

---

सावजी_रस्सा | १६ नोव्हेंबर, रात्री ९:५८

द्यायची. आधी सुरू करा, बाकीचं वाचन नंतर. बायको सहा वर्षांपासून घेते आहे आणि माझ्याहून जास्त पायऱ्या चढते.

---

पीएचसी_जुना | १६ नोव्हेंबर, रात्री ११:२०

मी ३० वर्षं प्राथमिक आरोग्य केंद्रांत काढली, आता निवृत्त. मी संधिवाततज्ज्ञ नाही, तेव्हा तुमच्या डॉक्टरीणबाई सांगतील तेच अंतिम. पण तुमच्या कथेतले निम्मे खलनायक मी जवळून ओळखतो, कारण त्यातला एक मीच आहे.

आधी नाव. 'आरए फॅक्टर' ही चाचणी आणि 'आरए' हा आजार यांचं नाव एकच आहे, सगळा घोळ तिथून सुरू होतो. हा आजार असलेल्या १०० जणांत साधारण २० ते ३० जणांचा आरए फॅक्टर निगेटिव्हच येतो. उलट हिपॅटायटिस सी, टीबी, किंवा नुसतं म्हातारपण, यांत आजार नसताना तो पॉझिटिव्ह येतो. सीसीपी जास्त भरवशाची : ती पॉझिटिव्ह आणि सांधे असे सुजलेले, म्हटल्यावर फारशी शंका उरत नाही. २०१० साली ठरलेले निकष आहेत, त्यांत १० पैकी ६ गुण झाले की निदान पक्कं धरतात. किती सांधे, कोणते, किती दिवसांपासून, ईएसआर-सीआरपी या सुजेच्या चाचण्या, आणि आरए फॅक्टर व सीसीपी, असे मिळून गुण. लहान सांधे १० पेक्षा जास्त असतील तर नुसत्या सांध्यांचेच ५ मिळतात. म्हणजे तुमच्या आईचं निम्मं निदान त्या दाबण्यात झालं होतं.

आता एएसओ. घशाला स्ट्रेप्टोकोकस जंतूचा संसर्ग कधीतरी होऊन गेला, एवढंच तो सांगतो. आपल्याकडे खेड्यापाड्यांत तो अर्ध्या गावाचा वाढलेला सापडेल. त्या जंतूमुळे होणारा ऱ्हुमॅटिक फीव्हर हा वेगळाच आजार, बहुतेक ५ ते १५ वर्षांच्या मुलांचा. मोठे सांधे एकामागून एक धरतात, सोडतात, आणि खरी इजा हृदयाच्या झडपांना होते. तिथं दर २१ दिवसांची पेनिसिलिन जीव वाचवते. ५३ वर्षांच्या बाईच्या सुजलेल्या बोटांना तिचा काडीचा उपयोग नाही. ऱ्हुमॅटिक आणि ऱ्हुमॅटॉइड, नावं सारखी म्हणून हे घडतं. मी स्वतः अशा कितीतरी सुया दिल्या आहेत. रिपोर्टवर ठळक अक्षरांत 'पॉझिटिव्ह' छापलेलं असायचं, रुग्णाला काहीतरी देणं भाग असायचं. आज लिहिताना बरं वाटत नाही.

पुड्यांत स्टेरॉइड होतं हे तुम्ही ओळखलंच असेल. गंमत अशी की स्टेरॉइडची ही जादू जगानं पहिल्यांदा पाहिली तीही संधिवाताच्याच बाईवर. १९४८, अमेरिकेतलं मेयो क्लिनिक. अंथरुणाला खिळलेली रुग्ण कॉर्टिझोनच्या सुयांनी चार दिवसांत चालू लागली, डॉक्टर हेंच यांना १९५० साली नोबेलही मिळालं. आणि मग तोंड सुजणं, साखर, हाडं ठिसूळ होणं हे सगळंही तिथंच दिसलं. तुमची आई विहिरीवर गेली ना, तसंच. एकदम बंद केल्यावर ती पडली, कारण बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिलं की शरीर आपलं बनवणं थांबवतं. म्हणून बाईंनी लहान गोळी देऊन हळूहळू उतरवायला सांगितलं आहे. तेच औषध, पण मोजून आणि थोडे दिवस, मेथोट्रेक्सेटचा असर चढेपर्यंत. तो चढायला ६ ते १२ आठवडे लागतात. हे आईला आधीच सांगा, नाहीतर पंधराव्या दिवशी 'पुडीच बरी होती' म्हणेल.

कॅन्सरचं औषध हे खरं आहे. पण कॅन्सरसाठी जो डोस देतात त्याच्या कितीतरी पट कमी इथं लागतो. १९८८ पासून ते अमेरिकेत संधिवातासाठी मान्यताप्राप्त आहे आणि आज जगभर पहिलं औषध तेच. एकच पाणी गादीवाफ्याला झारीनं देता येतं आणि शेताला मोटर लावूनही. बाबांना असं सांगून बघा.

---

औषधी_काउंटर | १७ नोव्हेंबर, सकाळी ७:१५

तालुक्याला माझं मेडिकल आहे. डॉक्टरसाहेबांनी सगळं लिहिलं, पण माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट राहिली, ती मीच लिहितो.

मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा. रोज नाही. चुकूनही रोज नाही. आपल्याकडे लोकांना 'गोळी म्हणजे सकाळ-संध्याकाळ' हीच सवय.

दुसरा घोळ : मेथोट्रेक्सेटची गोळी पिवळी आणि फॉलिक अ‍ॅसिडचीही बहुतेक पिवळीच. वाचता न येणारा माणूस रंगावर जातो. मी दोन्ही पट्ट्या वेगवेगळ्या डब्यांत देतो, मेथोट्रेक्सेटच्या डब्याला लाल दोरा. आणि २.५, १० मिलिग्रॅम अशा वेगवेगळ्या ताकदींच्या गोळ्या मिळतात. एकदा २.५ च्या चार आणि पुढच्या महिन्यात १० ची एक असं करू नका, पेशंट १० च्याही चार घेईल. दरवेळी एकाच ताकदीची मागा.

वार कोणता ठरवला? "सोमवार" असं नुसतं सांगून भागत नाही. तुमच्या गावचा बाजार कधी असतो?

---

कपाशीवाला | १७ नोव्हेंबर, सकाळी ८:०२

शुक्रवारी.

---

औषधी_काउंटर | १७ नोव्हेंबर, सकाळी ८:१०

झालं मग. बाजारची गोळी. बाजार करून आली, जेवली, गोळी घेतली. दुसऱ्या दिवशी मळमळलं तर शनिवार आहे, जरा पडू द्या. फॉलिक अ‍ॅसिड डॉक्टरीणबाईंनी सांगितलेल्या वारी, बाजाराच्या दिवशी नाही. आठवडा विसरेल अशी बाई बाजार विसरत नाही, हा माझा २० वर्षांचा अनुभव.

---

मोहफूल | १७ नोव्हेंबर, दुपारी १:३०

वरच्या मेडिकलवाल्या भाऊंचं म्हणणं दगडावरची रेघ समजा. आमच्या बुवाजींना (आत्याचे मिस्टर) हीच गोळी होती. चिठ्ठीवर 'आठवड्यातून एकदा' इंग्रजीत, तेही घाईचं अक्षर. ते रोज घेत गेले, ९ दिवस. तोंडात इतके फोड की पाणी गिळवेना. आम्हाला वाटलं खर्ऱ्यानं (तंबाखू-सुपारीनं) तोंड आलं असेल. मग ताप. दवाखान्यात पांढऱ्या पेशी अवघ्या १,१०० निघाल्या. फॉलिनिक अ‍ॅसिडची इंजेक्शनं, वेगळी खोली, १२ दिवस. वाचले. नंतर तीच गोळी बरोबर वारी घेऊ लागले, आता बैलबंडी हाकतात.

दोष कोणाचा यावर घरात अजून भांडण आहे.

---

गुळवेल | १७ नोव्हेंबर, दुपारी ४:४५

मी अ‍ॅलोपॅथीच्या विरोधात नाही, पण इतकी विषारी औषधं देण्याआधी आहाराकडे बघा. हा आमवात आहे, मूळ पोटात. दही, वांगं, हरभऱ्याची डाळ, आंबट बंद. गुळवेलीचा काढा सकाळी उपाशीपोटी. माझ्या काकूला फरक पडला.

---

हातमाग | १७ नोव्हेंबर, रात्री ८:२०

गुळवेल, तुमच्या काकूंना बरं वाटलं याचा आनंद आहे. माझीही गोष्ट ऐका.

मला हा आजार ११ वर्षांपासून आहे. पहिली २ वर्षं मी पथ्यावर काढली. दही सोडलं, डाळ सोडली, वांगं तर घरात आणलं नाही. वजन ४९ वरून ३८. हिमोग्लोबिन ७. बोटं त्या २ वर्षांतच वाकली. मधलं पेर मागे, टोक पुढे, हंसाच्या मानेसारखं. नंतर औषधांनी सूज गेली, दुखणं गेलं, पण वाकलेलं बोट काही सरळ होत नाही. टाइप करताना अंगठे वापरते, म्हणून उत्तर उशिरा येतं.

संधिवातात पहिले काही महिनेच सोन्याचे असतात. सूज असते तोवर सांधा वाचवता येतो, हाड खाल्लं गेलं की गेलं. कपाशीवालाभाऊ, आईच्या पायाची कड गेली आहे म्हणता, ती परत येणार नाही. पण हाताची अजून शाबूत दिसते. आणखी आठ दिवस घालवू नका.

पथ्याचं डॉक्टरांनी मला एका वाक्यात सांगितलं होतं : "घरात जे शिजतं ते सगळं खा, फक्त विडी-सिगारेट सोडा." विडीनं हा आजार होतोही जास्त आणि औषधाला दबतही नाही. खर्ऱ्याचं विचारलं तर म्हणाले, हिरड्या सडवतो, आणि हिरड्यांच्या आजाराचं या आजाराशी नातं आहे. माझ्या नवऱ्याला हे मुद्दाम ऐकवलं.

---

पीएचसी_जुना | १७ नोव्हेंबर, रात्री ९:०५

हातमागताई, +१.

गुळवेलीबद्दल दोन शब्द. 'प्रतिकारशक्ती वाढवते' म्हणून ती देतात. इथं आजारच असा की शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांवर उलटली आहे, तिला आणखी खतपाणी कशाला? शिवाय कोविडच्या काळात काढे पिऊन यकृताला सूज आल्याच्या नोंदी आपल्याच देशातल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये छापल्या आहेत. मेथोट्रेक्सेटही यकृतालाच त्रास देतं. दोन्ही एकत्र नकोच. मोहाची दारूही नको, हे बाबांनाही लागू समजा, म्हणजे आईला सोबत होईल.

बाकी आयुर्वेदानं आमवात आणि संधिगत वात वेगळे ओळखले होते हे मान्यच. आपण मात्र ताठ पाठ, झिजलेला गुडघा, सुजलेली बोटं, लकवा, सगळ्याला 'वात' म्हणून एकाच गाठोड्यात बांधतो.

---

बोरिंगचं_पाणी | १८ नोव्हेंबर, सकाळी १०:५०

'एकाच गाठोड्यात' यावरून आमची गोष्ट. धाग्याला जरा सोडून आहे, पण जिल्हा तोच.

वडील ५८. पाठ लाकडासारखी. मान वळवायची तर अख्खं अंग वळवायचे. ३ वर्षं 'मणक्याचा वात' म्हणून गोळ्या, एका ठिकाणी अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस, म्हणजे मणक्याचा संधिवात, असं लिहूनही दिलं. नागपूरच्या संधिवातवाल्यांनी वडिलांना सांगितलं, "आ करा." आम्हाला वाटलं घसा बघतात. दात बघत होते. पिवळे-तपकिरी पट्टे. मग विचारलं, पाणी कुठलं पिता? बोरिंगचं, कित्येक वर्षांपासून. कोपराखालच्या हाताचा एक्स-रे काढला, तर दोन हाडांमधल्या पडद्यात चुना साचलेला, काटेरी. म्हणाले, हा संधिवात नाही, हे फ्लोराइड आहे. मणक्याच्या संधिवातासाठी करतात ती एचएलए बी-२७ ची महागडी चाचणी करायची गरजही पडली नाही.

पाणी तपासलं. लिटरला १.५ मिलिग्रॅमच्या वर नको, आमचं ४ च्या जवळ. त्यानंतर आमच्या बोळीतल्या पोरांचे दात बघितले आणि झोप उडाली.

उकळून फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटून वाढतं. तुरटी आणि चुन्यानं काढायची पद्धत आपल्या नागपूरच्याच नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेनं बसवली आहे, नाव मात्र नलगोंडा पद्धत. आम्ही आता विहिरीचं तपासलेलं पाणी पितो. वडिलांची पाठ सुटली नाही, दुखणं कमी आहे.

यवतमाळ-चंद्रपूरकडच्या कुणाची पाठ ताठ असेल तर आधी बोरिंग तपासा.

---

सावजी_रस्सा | १८ नोव्हेंबर, सकाळी ११:०५

मग खरा मणक्याचा संधिवात ओळखायचा कसा? भाच्याला आहे म्हणतात, वय २४.

---

पीएचसी_जुना | १८ नोव्हेंबर, दुपारी १२:४०

वयच सांगतं. चाळिशीच्या आत, कंबर ३ महिन्यांहून जास्त दुखते, रात्री उत्तररात्री जाग येते, सकाळी ताठ आणि चालल्या-फिरल्यावर मोकळी होते. काम केल्यावर दुखणारी आणि आराम केल्यावर थांबणारी कंबर वेगळी. डोळा लाल होऊन दुखला होता का, तेही विचारा. साधा एक्स-रे सुरुवातीला चांगलाच येतो, एमआरआयमध्ये दिसतं. घरी गाई-शेळ्या असतील आणि ताप येत-जात असेल तर ब्रुसेला या जंतूची चाचणीही सुचवा, कच्च्या दुधातून येतो आणि नेमका कंबरेच्या त्याच सांध्याला धरतो.

---

गोंडवन | १८ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:१५

आमच्या कुरखेड्याकडे (गडचिरोली) लहान पोराचे हात-पाय सुजून दुखले तर वात म्हणण्याआधी सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) तपासा. पुतणीला ३ वर्षं 'बालसंधिवात' समजून दुखण्याच्या गोळ्या. आश्रमशाळेतल्या तपासणीत सिकल निघाला. तोवर खुब्याचं हाड रक्त न मिळाल्यानं बसलं होतं. तपासणी सरकारी दवाखान्यात फुकट होते. २०२३ पासून केंद्राचं सिकलसेलचं अभियानही चालू आहे. एवढंच सांगायचं होतं.

---

तूरडाळ_सव्वीस | १८ नोव्हेंबर, रात्री १०:३०

विचारायला संकोच वाटतो. मी २६ वर्षांची, लग्नाला दीड वर्ष. मलाही हाच आजार आहे, मेथोट्रेक्सेट चालू आहे, खूप बरं वाटतंय. सासरी बाळाची घाई आहे. डॉक्टरांना हे सांगितलेलं नाही.

---

हातमाग | १८ नोव्हेंबर, रात्री १०:४१

ताई, उद्या सकाळी पहिलं काम डॉक्टरांना फोन. ही गोळी पोटातल्या बाळाला इजा करते. दिवस राहण्याच्या आधी ती बंद करून काही महिने जाऊ द्यावे लागतात, किती ते त्या सांगतील. स्वतःच्या मनानं बंद करून बसू नका, आजार उसळतो. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन आणि सल्फासॅलाझिन गरोदरपणात चालतात, त्यावर बदलून देतात. माझी मुलगी त्यातलीच, आता दुसरीत आहे. आणि नवऱ्याला सोबत न्या. सासूबाईंना नाही.

---

तूरडाळ_सव्वीस | १८ नोव्हेंबर, रात्री १०:५०

🙏 नेते.

---

कपाशीवाला | २१ नोव्हेंबर, रात्री ८:३०

सगळ्यांचे आभार. आज शुक्रवार. आईनं पहिली बाजारची गोळी घेतली. मेडिकलवाल्या भाऊंच्या लाल दोऱ्यासह.

तिला पटवलं ते कुणाच्याच युक्तिवादानं नाही. मी हातमागताईंचं उत्तर वाचून दाखवलं. 'अंगठ्यांनी टाइप करते' इथं ती थांबली. म्हणाली, "त्या बाईले म्हणा, घेतो म्या."

बाबांनी गादीवाफ्याचं उदाहरण ऐकून घेतलं आणि म्हणाले, तुझं गाव कधी झारीनं भिजलं?

---

सावजी_रस्सा | २१ नोव्हेंबर, रात्री ८:४४

बाबांना नमस्कार सांगा. अवांतर : तिकडे कापसाला काय भाव मिळून राहिला?

---

कपाशीवाला | २१ नोव्हेंबर, रात्री ८:५२

विचारू नका. त्या दुखण्याचा डॉक्टर नागपुरातही नाही.

---

औषधी_काउंटर | २२ नोव्हेंबर, सकाळी ७:२०

रक्ततपासणीच्या तारखा आत्ताच कॅलेंडरवर मांडून ठेवा. पेशी, एसजीपीटी (यकृताची), क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची). सुरुवातीला महिन्याला, मग डॉक्टर सांगतील तसं २-३ महिन्यांनी. ही तालुक्यालाच होते, रिपोर्टचा फोटो पाठवला तर बरेच डॉक्टर फोनवर डोस सांगतात, दरवेळी नागपूरला जायला नको. ताप आला, जुलाब लागले, तोंडात फोड आले की त्या आठवड्याची गोळी थांबवून आधी फोन. मेथोट्रेक्सेट महाग नाही. जनऔषधीत आणखी स्वस्त मिळते. महाग असतात त्या पुढच्या सुया, बायोलॉजिकल म्हणतात त्या, ती वेळ सगळ्यांवर येत नाही. आली तर आधी छातीचा एक्स-रे आणि टीबीची चाचणी करून घेतात, कारण दबलेला टीबी त्या उठवतात.

---

कपाशीवाला | १७ फेब्रुवारी, रात्री ९:१०

धागा वर काढतो, कारण आज तिसरी फेरी झाली.

पहिला दीड महिना वाईट गेला, हे लपवत नाही. शनिवारी मळमळ, जेवण नको. डिसेंबरात ती दोनदा म्हणाली की पुडीवाल्याकडे जाऊ. जानेवारीत एसजीपीटी जरा वाढलं, ६४. बाईंनी डोस तेवढाच ठेवला, दुखण्याच्या इतर गोळ्या बंद करवल्या, महिन्यानं पुन्हा तपासलं तर ३८.

आज परत २८ सांधे दाबले. दुखरे ४, सुजलेले २. ईएसआर ८२ वरून ३१. स्टेरॉइडची गोळी आता अर्धीवर आली, पुढच्या महिन्यात बंद. साखर १३० च्या आसपास. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन चालू आहे म्हणून डोळे तपासून झाले, पुढेही तपासत राहायला सांगितलं आहे. पायाचा उजवा चवडा अजून दुखतो, तिथं मऊ तळाची चप्पल दिली आहे, ती आई फक्त नागपूरला येताना घालते.

बाईंनी रेघ पुढे केली. आई म्हणाली, "चार आणे. तीन म्हणलो असतो, पण पाय हाय."

संक्रांतीला लाडू वळले. वाकडे झाले, पण वळले. आणि शेवटच्या वेचणीला मी नको म्हणत असताना गेली. ओटीत पाच-सहा किलो भरून आणला आणि माझ्यासमोर ओतला, बोलली काही नाही.

एक घोटाळा मात्र झाला. मागच्या शुक्रवारी अवकाळी पाऊस आला, बाजार भरला नाही. रविवारी रात्री मी डबा बघितला तर गोळी तशीच. विचारलं, काऊन नाही घेतली? तर म्हणते, "बजारच नाई भरला, त बजारची गोळी कशी घ्याची?"

बाईंना फोन केला. म्हणाल्या, दोनच दिवस झालेत, आत्ता घेऊ द्या, पुढची शुक्रवारीच. औषधी_काउंटरभाऊ, यावर काही तोड आहे का?

---

औषधी_काउंटर | १८ फेब्रुवारी, सकाळी ७:०५

😄 २० वर्षांत हे पहिल्यांदाच. शुक्रवारचा उपास धरते का ती?